आधी पत्ते पिसा, मग नक्षी पाहा : निसर्ग आणि योगायोग यांच्या वादाचा इतिहास

१/
वाशिम म्हटले की इतिहासप्रेमींना आठवते ते वाकाटकांचे वत्सगुल्म. आज मात्र याच जिल्ह्याच्या नकाशावरील दुसऱ्या दोन ठिपक्यांपासून सुरुवात करू. एक कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. दुसरे अकोला-वाशिम सीमेवरचे काटेपूर्णा अभयारण्य, सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे. भोवताली सोयाबीन, तूर आणि कपाशी. माळरानावाचून ज्यांचे चालत नाही, अशा जीवांच्या दृष्टीने शेतांच्या समुद्रातील ही बेटेच होत.

२/
अशा बेटांवरील पक्ष्यांची यादी केली की डोळ्यांना नक्षी दिसू लागते. एक पक्षी या बेटावर, त्याचा भाऊबंद त्या बेटावर, आणि दोघे एकत्र कुठेच नाहीत. मग मन लगेच कथा रचते : दोघांत वैर असावे, एकाने दुसऱ्याला हुसकावले असावे. पण ती नक्षी निव्वळ योगायोगाची असेल तर? या एका प्रश्नावर जीवशास्त्रज्ञ शंभर वर्षे भांडत आले आहेत. त्या भांडणाचा हा इतिहास.

३/
वाचकहो, प्रथम आपल्या परिचयाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, शिरपूर, अनसिंग असे सात आठवडी बाजार आहेत. दोन बांगडीवाले आहेत आणि प्रत्येक जण आठवड्यात तीन बाजार करतो. वर्षभर पाहिले, तरी दोघे एकाही बाजारात एकत्र दिसले नाहीत. गावकरी म्हणणार, ‘यांचे जमत नाही.’

४/
आता हिशेब करू. सातांतून तीन बाजार निवडण्याचे एकूण ३५ प्रकार आहेत. पहिल्याचे तीन ठरले, की उरलेल्या चारांतूनच तीन निवडण्याचे प्रकार अवघे चार. म्हणजे दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या, तरी ३५ पैकी ४ वेळा, सुमारे ११ टक्के, त्यांची गाठ पडणारच नाही. भांडण असेलही, पण या पुराव्यावर ते सिद्ध होत नाही.

५/
खरी गंमत पुढे आहे. या बाजारांत असे ४० विक्रेते असतील, तर त्यांच्या जोड्या होतात ७८०. त्यांतील सुमारे ८९ जोड्या केवळ योगायोगाने कधीही एकत्र दिसणार नाहीत. यादी चाळून त्या ८९ जोड्या वेचणाऱ्याला ८९ भांडणे ‘सापडतील’, आणि त्यांतले एकही खरे असायला नको. नक्षी दिसण्यापूर्वी योगायोगाने किती नक्षी उमटली असती, हे मोजायला हवे ते याचसाठी.

६/
हे मोजमाप प्रथम सुरू झाले स्वित्झर्लंडमध्ये, वनस्पतींच्या अभ्यासात. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतीशास्त्रज्ञ पॉल जाकार आल्प्स पर्वतातील कुरणांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहत होते. दोन ठिकाणच्या याद्यांत किती साम्य आहे, हे सांगणारा त्यांचा गुणांक आजही संगणकशास्त्रापर्यंत वापरला जातो. त्यांचा दुसरा गुणांक मात्र वादात सापडला.

७/
शाळेतील वर्गीकरण आठवा. जाती आणि तिच्या वरची पायरी प्रजाती. वड, पिंपळ आणि उंबर या तीन जाती. त्यांची प्रजाती एकच, फायकस. जाती हे नाव मानले, तर प्रजाती हे आडनाव. जाकारांनी प्रत्येक प्रदेशातील प्रजाती आणि जाती यांचे प्रमाण काढले. हे प्रमाण त्या प्रदेशातील परिस्थितीची विविधता सांगते, असा त्यांचा दावा होता.

८/
फिनलंडचे अल्वार पाल्मग्रेन यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की यात निसर्गाचे गूढ काही नाही, हा बराचसा योगायोगाचा खेळ आहे. लग्नाच्या मांडवातून कोणतेही दहा पाहुणे उचला. बहुधा आठ-नऊ आडनावे निघतील. शंभर उचला, आडनावे शंभराच्या जवळपासही जाणार नाहीत. यादी लहान असली की दर माणशी आडनावे अधिक दिसतातच. त्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही.

९/
१९२९ मध्ये स्वित्झर्लंडच्याच आर्थर मायफेर यांनी या वादाला प्रयोगाची जोड दिली. वनस्पतींची नावे पत्त्यांवर लिहायची, पत्ते नीट पिसायचे आणि डोळे मिटून काढायचे. निघालेल्या पत्त्यांत जे प्रमाण येईल, ते निव्वळ नशिबाचे प्रमाण. खऱ्या कुरणाची तुलना त्याच्याशी करायची. लवकरच गणिती जॉर्ज पोल्या यांनी त्याचे सूत्रही मांडले. पुढे ज्याला ‘नल मॉडेल’ म्हणू लागले, त्या योगायोगाच्या प्रतिमानाचा हा एक आरंभीचा नमुना. संगणक नव्हता; पत्त्यांचा जोड पुरेसा होता.

१०/
पण विज्ञानालाही विस्मरण होते. १९४६ मध्ये इंग्लंडचे ख्यातनाम प्राणीशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी लिहिले की लहान अधिवासात एकाच प्रजातीच्या जाती थोड्या आढळतात, अर्थात भाऊबंद एकमेकांना टिकू देत नाहीत. दुसऱ्याच वर्षी कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी तेच जुने उत्तर दिले : लहान यादीत असे दिसणारच. तेवढ्याच आकाराच्या यदृच्छेने काढलेल्या यादीशी तुलना करा. तशी तुलना केल्यावर चित्र उलटे झाले. भाऊबंद अपेक्षेपेक्षा अधिक वेळा एकत्र नांदत होते. एकाच घराण्यातल्यांच्या आवडीनिवडी जुळतात, हे त्याचे एक साधे कारण.

११/
विल्यम्स इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करत. रोनाल्ड फिशर यांनी आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घातला तो याच केंद्रात, आणि येथे आपल्या महाराष्ट्राचा धागा जुळतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग सुखात्मे १९३० च्या दशकात लंडनला जाऊन हे नवे शास्त्र शिकून आले. व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांचा शेती संशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

१२/
त्या ग्रंथाचे सार विदर्भातील शेतकऱ्याला वेगळ्या नावाने माहीत आहे : पीक कापणी प्रयोग. कोणते शेत आणि शेतातील कोणता तुकडा कापायचा, हे तलाठी किंवा शेतकरी ठरवत नाही. यादृच्छिक अंक ठरवतात. चांगला तुकडा निवडावा किंवा वाईट निवडावा, हा मोह माणसाला होतोच. म्हणून निवड योगायोगाच्या हाती सोपवायची. भारतात ही पद्धत १९४० च्या दशकात रुजवण्यात पानसे आणि सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. माणसाच्या नजरेवर लगाम घालण्यासाठी योगायोगाचा उपयोग, हा विचार शेतात आणि जंगलात सारखाच लागू पडतो.

१३/
आता हार्वर्ड विद्यापीठात जाऊ. १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांचा बेटांच्या जीवभूगोलावरील ग्रंथ आला. बेट केवढे आणि मुख्य भूमीपासून किती दूर, यावरून तेथे किती जाती टिकतील याचा अंदाज बांधता येईल, असा त्यांचा सिद्धांत. विल्सन यांचे विद्यार्थी डॅनियल सिंबरलॉफ मूळचे गणिताचे. गुरुशिष्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील खारफुटीची चिमुकली बेटे धुरी देऊन कीटकमुक्त केली आणि ती पुन्हा कशी भरतात, हे मोजले.

१४/
पुण्याचे माधव गाडगीळ १९६५ मध्ये हार्वर्डला पोचले आणि १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवून १९७१ मध्ये भारतात परतले. गणित आणि संगणक यांच्या साहाय्याने निसर्गाला प्रश्न विचारण्याची ही रीत त्यांनी त्याच वातावरणात आत्मसात केली. परतल्यावर त्यांनी वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह सह्याद्रीतील देवराया धुंडाळल्या. त्यांवरील त्यांचा लेख १९७६ चा. देवराई हेही एक बेटच. भोवतीचे जंगल गेले आणि देवाच्या धाकाने एवढाच तुकडा उरला. पुढे त्यांनी रंजित डॅनियल्स आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर उत्तर कन्नड जिल्ह्यातील पक्षी आणि झाडे यांच्या विविधतेचा संबंध आकडेमोडीने तपासला. झाडे अधिक तेथे पक्षी अधिक, हे गृहीत न धरता तपासून पाहणे, हे त्यात महत्त्वाचे.

१५/
वादाचा भडका उडाला १९७५ मध्ये. ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ या ग्रंथामुळे आपल्याला ठाऊक असलेले जॅरेड डायमंड तेव्हा पक्षीअभ्यासक म्हणून नावारूपाला आले होते. न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहातील पक्ष्यांवरून त्यांनी ‘जुळणीचे नियम’ मांडले : काही जाती एकत्र नांदतात, काही कधीच नांदत नाहीत, आणि यामागे मुख्यतः स्पर्धा असते. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, एका घरात एक तर शेजारच्या घरात दुसरा, हा त्यांचा ठळक पुरावा.

१६/
त्यांचे गाजलेले उदाहरण दोन भाऊबंद पारव्यांचे. ३३ बेटांपैकी १४ बेटांवर एक जाती, ६ बेटांवर दुसरी, १३ बेटांवर दोन्ही नाहीत. दोन्ही एकत्र मात्र एकाही बेटावर नाहीत. बांगडीवाल्यांचा हिशेब येथे लावला, तर योगायोगाने असे घडण्याची शक्यता सुमारे अडीच टक्के येते. हे वैर खरेच वाटते. पण डायमंड यांच्या यादीत पक्ष्यांच्या १४७ जाती होत्या, आणि १४७ जातींच्या जोड्या होतात १०,७३१. एवढ्या जोड्यांत अशा काही जोड्या सापडणे अटळच होते.

१७/
१९७९ मध्ये एडवर्ड कॉनर आणि सिंबरलॉफ यांनी नेमके हेच म्हटले. बिस्मार्कचा संपूर्ण तपशील तेव्हा छापलेला नव्हता, म्हणून त्यांनी आज वानुआतू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांवरील पक्षी आणि वेस्ट इंडीजमधील पक्षी व वटवाघळे घेतली. वानुआतूच्या तक्त्यात २८ बेटे आणि ५६ जाती होत्या. तक्ते पिसून त्यांनी निष्कर्ष काढला की यातील बरीचशी नक्षी योगायोगानेही उमटली असती. लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता : योगायोग की स्पर्धा?

१८/
तक्ता पिसायचा कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. आडव्या ओळींत जाती, उभ्या स्तंभांत बेटे. जाती असेल तर १, नसेल तर ०. पिसताना दोन गोष्टी राखायच्या : प्रत्येक जाती एकूण किती बेटांवर आहे आणि प्रत्येक बेटावर एकूण किती जाती आहेत. बाजाराच्या भाषेत सांगायचे, तर पहिला विक्रेता फक्त कारंज्यात आणि दुसरा फक्त रिसोडात असेल, तर त्या दोघांची अदलाबदल करा. दोघांच्या बाजारांची संख्या तीच राहते, बाजारांतील गर्दीही तीच राहते, फक्त मांडणी बदलते. अशा हजारो अदलाबदली केल्या की तक्ता पिसला गेला.

१९/
डायमंड आणि मायकेल गिल्पिन यांनी १९८२ मध्ये प्रत्युत्तर दिले, आणि तेही पोकळ नव्हते. सर्व पक्षी एकाच गठ्ठ्यात घातले, तर बांगडीवाल्याची तुलना गूळवाल्याशी होते. ज्यांच्यात स्पर्धाच नाही, अशा असंख्य जोड्यांच्या गर्दीत खरी स्पर्धा विरून जाते. आणखी एक अडचण होती. एखादी जाती थोड्याच बेटांवर उरली, तेच स्पर्धेमुळे असेल तर? मग ती संख्या तशीच राखून पिसलेल्या तक्त्यात स्पर्धेची सावली आधीच शिरलेली असते. रॉबर्ट कोलवेल आणि डेव्हिड विंकलर यांनी १९८४ मध्ये या दोषाला स्वतःच्या प्रतिबिंबात गुंतलेल्या ग्रीक कथेतील नार्सिससचे नाव दिले.

२०/
१९८१ मध्ये फ्लोरिडातील वाकुला स्प्रिंग्स येथे दोन्ही बाजूंचे लोक एकत्र आले. तेथील निबंधांचा जाडजूड ग्रंथ १९८४ मध्ये निघाला. त्यात लेख, लेखाला उत्तर आणि उत्तराला प्रत्युत्तर असा मजकूर एकापुढे एक छापलेला आहे. भाषा पुष्कळदा बोचरी. तरीही या भांडणाने एक गोष्ट कायमची केली. ‘मला नक्षी दिसते’ एवढ्यावर कोणाची सुटका होईना. ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न पाठोपाठ येऊ लागला.

२१/
पुढची दोन दशके हत्यार घासण्यात गेली. १९९० मध्ये लुई स्टोन आणि ॲलन रॉबर्ट्स यांनी पटासारखी मांडणी मोजण्याचे सोपे माप दिले. पहिल्याचे एकट्याचे बाजार गुणिले दुसऱ्याचे एकट्याचे बाजार. सर्व जोड्यांची सरासरी घ्यायची. आपल्या दोन बांगडीवाल्यांसाठी हा गुणाकार ३ गुणिले ३, म्हणजे ९. एक बाजार समाईक असता, तर २ गुणिले २, म्हणजे ४. खऱ्या तक्त्याचा आकडा पिसलेल्या हजारो तक्त्यांच्या आकड्यांशी ताडायचा. तो त्यांतल्या बहुतेकांहून मोठा निघाला, तरच नक्षी खरी म्हणायची.

२२/
२००२ मध्ये निकोलस गोटेली आणि डेक्लन मॅकेब यांनी जगभरातील ९६ प्रसिद्ध तक्ते या पद्धतीने तपासले. निकाल मजेशीर होता. एकंदरीत पाहता जाती योगायोगाच्या अपेक्षेपेक्षा कमी वेळा एकत्र आढळत होत्या. म्हणजे डायमंड यांचे भाकीत बरेचसे तगले. पण ते तगले विरोधकांच्या कसोटीवर उतरून. खरे कोण जिंकले? दोन्ही बाजूंना आपला विजय झाला असे म्हणता येईल, आणि वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

२३/
कारण कसोटीचीही मर्यादा आहे. नक्षी योगायोगाची नाही, एवढेच ती सांगते. ती कशाची आहे, हे सांगत नाही. दोन पक्षी एकत्र नसतील, तर वैर हे एक कारण. एकाला माळ लागतो आणि दुसऱ्याला झाडी लागते, हे दुसरे. एक पक्षी त्या बेटापर्यंत कधी पोचलाच नाही, हे तिसरे. पत्ते पिसल्याने खोटी कथा गळते. खरी कथा शोधण्यासाठी पुन्हा रानात जावेच लागते.

२४/
हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. १९७५ मध्येच डायमंड यांनी बेटांच्या सिद्धांतावरून सल्ला दिला होता की अनेक लहान अभयारण्यांपेक्षा एक मोठे अभयारण्य बरे. सिंबरलॉफ आणि लॉरेन्स एबल यांनी १९७६ मध्ये आक्षेप घेतला : सिद्धांतातून हा नियम निघत नाही, काही वेळा अनेक लहान तुकड्यांत मिळून अधिक जाती असू शकतात. या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कोणता तुकडा राखायचा आणि कोणता सोडायचा, हेच चुकते. कारंजा-सोहोळसारखा लहान तुकडा आणि सह्याद्रीतील एकरभर देवराई यांची किंमत अशाच उत्तरांवर ठरते.

२५/
न तपासलेल्या समजुतीची किंमत माणसांनाही मोजावी लागते. राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये गुराढोरांची चराई बंद केली गेली. गुरे आणि पक्षी यांचे जमत नाही, हे गृहीत होते. बंदीविरोधातील उद्रेकात पोलिसांनी गोळीबार केला आणि ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासात उलट चित्र दिसले. म्हशी गवत खाऊन पाणथळ मोकळी ठेवत होत्या. त्या गेल्या आणि गवत माजून पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. गाडगीळ हे उदाहरण वारंवार देत, ते यासाठीच.

२६/
वाशिमच्या माळरानांवर हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. तेथे काळवीट आहे, तेथे मेंढपाळ आहे, आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या खाणाखुणा ओळखणारा फासेपारधी समाजही आहे. कोण कोणाबरोबर नांदू शकतो आणि कोण कोणाला हुसकावतो, हे ठरवण्यापूर्वी याद्या करायच्या, तक्ते मांडायचे, पत्ते पिसायचे आणि मग बोलायचे. उलट क्रमाने गेलो, तर कोणाच्या तरी चुलीवर पाणी पडते.

२७/
शेवटी आपल्याविषयी. आपण इतिहासाचे विद्यार्थी. नक्षी पाहणे हा आपलाही छंद. समजा, एखाद्या तालुक्यातील २० गावे आपण पालथी घातली. पाच गावांत वीरगळ, दुसऱ्या पाच गावांत हेमाडपंती मंदिर आणि दोन्ही एका गावात कुठेच नाहीत. लगेच दोन घराण्यांची, दोन पंथांची कथा सुचते. पण हिशेब करा. योगायोगानेही असे घडण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आहे. म्हणजे पाच वेळा पत्ते पिसले, तर साधारण एकदा ही नक्षी आपोआप उमटते.

२८/
कथा खोटी आहे, असे त्यामुळे ठरत नाही. ती अजून सिद्ध झालेली नाही, एवढेच ठरते. आणखी गावे पाहा, आणखी पुरावा आणा. वीस चिठ्ठ्या आणि एक संध्याकाळ, एवढीच या परीक्षेची सामग्री. पुढच्या वेळी नकाशावर सुबक नक्षी दिसली, की लेखणी उचलण्याआधी त्या चिठ्ठ्या एकदा पिसून पाहा.

(समाप्त)